डोईफोडियाला समुद्राशी काय कर्तव्य?

आपल्या मंडळाच्या गेल्या वार्षिक सभेत आम्ही एक साधा ठराव मांडला होता. येत्या व्याख्यानमालेतील एक पुष्प समुद्रविज्ञान आणि सागरी जीवांचे संरक्षण या विषयास द्यावे, त्यासाठी गोवा, मुंबई किंवा पुणे येथील एखाद्या जाणकारास आमंत्रण धाडावे आणि व्याख्यान बऱ्हाणपूरच्या सभागृहात न ठेवता येथे, डोईफोडियात ठेवावे, एवढाच तो ठराव. ठरावाचे वाचन पूर्ण होण्यापूर्वीच सभेत हशा पिकला. आमच्याहून वयाने वडील असलेले एक सभासद उठून म्हणाले, ‘साहेब, श्रावणात आमच्या नाल्याला गुडघाभर पाणी येते, तेवढाच आमचा समुद्र. त्यावर व्याख्यान द्यायला गोव्याहून माणूस कशाला? आमचा गुराखी देईल.’ पुन्हा हशा. ठरावाच्या बाजूने तीन हात वर झाले, त्यांतला एक आमचाच होता. त्याच बैठकीत समुद्रात बुडालेल्या द्वारकेवर व्याख्यान ठेवण्याची सूचना मात्र टाळ्यांच्या गजरात संमत झाली!

हशाचा आम्हांस राग नाही. चौतीस वर्षे राज्य शासनाच्या सेवेत काढल्यावर माणसाला हसून घेण्याची सवय होते. परंतु ज्या समजुतीपोटी तो हशा आला, ती समजूत चुकीची आहे, आणि ती आपल्यासारख्या पाच-सहा पिढ्या या भूमीत मुरलेल्या, वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या घरांत असावी, याचे वाईट वाटते. म्हणून सभेत जे बोलू दिले गेले नाही, ते येथे लिहीत आहोत.

प्रथम द्वारकेचेच पाहू. १९८०च्या दशकात डॉ. एस. आर. राव यांनी द्वारकेच्या समुद्रात पाणबुड्यांकरवी जे संशोधन केले, ते कोणत्या संस्थेच्या छत्राखाली? गोव्यातील दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या. आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम संपत आल्यावर तिच्या अनुभवातून १ जानेवारी १९६६ रोजी ही संस्था उभी राहिली. डिसेंबर १९८१ मध्ये गोव्याहून निघून जानेवारी १९८२ मध्ये अंटार्क्टिकावर पाऊल ठेवणाऱ्या पहिल्या भारतीय मोहिमेचे नेते डॉ. कासिम हे याच संस्थेचे माजी संचालक. म्हणजे समुद्राच्या तळाशी दगडी नांगर सापडले, तर ते ऐकायला आम्ही सतरंज्या अंथरणार. आणि त्याच तळावरचा प्राणवायू संपतो आहे असे त्याच संस्थेतील माणूस सांगू लागला, तर तो विषय आमच्या गावाचा नव्हे म्हणणार. समुद्र पुराणात असला की आपला आणि प्रयोगशाळेत गेला की परका, हा न्याय आम्हांस उमजत नाही.

आता गावाचे. डोईफोडियाच्या परिसरातला प्रत्येक ओढा, प्रत्येक नाला अखेर तापीलाच जातो. मुलताईस उगम पावून, बऱ्हाणपूरचे घाट ओलांडून, चांगदेवाजवळ पूर्णेला पोटात घेऊन, हतनूर आणि उकाई या धरणांतून वाट काढत ही नदी ७२४ किलोमीटरांचा प्रवास करते आणि सुरतेच्या पुढे डुमसजवळ खंभातच्या आखाताला मिळते. तिच्या खोऱ्यातील सुमारे ६५ हजार चौरस किलोमीटर भूमीपैकी दहा हजारांच्या आतबाहेर आपल्या मध्य प्रदेशात आहे. आषाढ शुद्ध सप्तमीला आपण तापीचा जन्मोत्सव करतो, तिला चुनरी नेसवतो, दिवे सोडतो. नदीचा जन्म साजरा करायचा आणि ती जाते कोठे हे विचारायचे नाही, असे कोणत्या आईच्या बाबतीत आपण करू?

पूर्वज असे नव्हते. सर टॉमस रो हा इंग्रज वकील १६१५ साली सुरतेच्या बंदरावर उतरला आणि तेथून त्याने पहिली वाट धरली ती बऱ्हाणपूरची. ताव्हेर्निये या फ्रेंच व्यापाऱ्याने लिहून ठेवले आहे की, बऱ्हाणपूरचे तलम कापड इराण, तुर्कस्तान, पोलंडपर्यंत जात असे. जात होते ते सुरतेवरून, गलबतांतून. त्या काळच्या बऱ्हाणपुरी विणकराला पश्चिमेचा वारा केव्हा फिरतो आणि जहाजे केव्हा सुटतात हे ठाऊक असणे भाग होते, कारण त्यावर त्याची चूल अवलंबून होती. उदगीरनंतर १७६० साली बऱ्हाणपूर पेशव्यांकडे आले आणि आपल्यापैकी कित्येक घराणी त्या ओघात येथे स्थिरावली. त्यांतली काही तर मूळची कोकणातली. ‘आम्ही मूळचे अमुक खाडीकाठचे’ असे लग्नाच्या बैठकीत अभिमानाने सांगणारे गृहस्थ सभेत मात्र समुद्राला परका म्हणून हसतात!

आजही चूल समुद्रावरच पेटते, फक्त ती आपल्याला दिसत नाही. कपाशी, सोयाबीन आणि केळी ही आपली शेती; पाणी पावसाचे, आणि पाऊस हिंदी महासागराचा. १९९९ साली शास्त्रज्ञांनी, ज्यांत आपले डॉ. गोस्वामीही होते, इंडियन ओशन डायपोल नावाची घटना जगापुढे मांडली. हिंदी महासागराचा पश्चिमेकडील भाग पूर्वेच्या मानाने अधिक तापला की आपल्याकडे पावसास साधारणतः अनुकूल, आणि उलट झाले की प्रतिकूल, असा तिचा स्थूल अर्थ. पॅसिफिक महासागरातल्या एल निनोची गोष्ट तर वर्तमानपत्रांतून आता परिचयाची झाली आहे. २०२३च्या ऑगस्टमध्ये देशात जो खंड पडला, तसा कोरडा ऑगस्ट १९०१ पासूनच्या नोंदींत दुसरा नव्हता. त्या महिन्यात आमच्या शेजारच्या शेतकऱ्याने तीनदा ज्योतिष्याला विचारले. त्याला समुद्राबद्दल चार वाक्ये सांगणारा माणूस गावात एकदा जरी येऊन गेला असता, तर पाऊस लवकर आला असता असे आम्ही म्हणत नाही. परंतु तीनदा दक्षिणा तरी गेली नसती.

हे झाले समुद्र आपल्याला काय देतो त्याचे. आपण त्याला काय देतो, हा भाग अधिक अडचणीचा आहे, आणि तेथे आम्ही स्वतःच आरोपी म्हणून उभे आहोत.

सेवेत असताना एका तालुक्यात, त्याचे नाव येथे नको, एका मोठ्या गावाच्या कचऱ्यासाठी जागा निश्चित करण्याचे काम आमच्याकडे आले. गायरानावर हरकती आल्या, शाळेमागच्या पडीकावर हरकती आल्या. नाल्याच्या काठी एक खोलगट सरकारी तुकडा होता. त्यावर कोणाची हरकत नव्हती, वहिवाट नव्हती, अतिक्रमणही नव्हते. आम्ही सही केली. दोन वर्षांनी तपासणीस गेलो, तर जागा जवळजवळ मोकळी. मोठे समाधान वाटले. परतल्यावर टिपणीत आम्ही स्वहस्ते लिहिले की, निवडलेली जागा उपयुक्त असून दोन वर्षांच्या वापरानंतरही ती भरलेली नाही, सबब अन्य ग्रामपंचायतींनीही अशा जागांचा विचार करावा. वरिष्ठांनी त्यावर ‘योग्य’ असा शेरा मारला. जागा का भरत नाही, हा प्रश्न आम्हांस पडला नाही, त्यांनाही पडला नाही. पहिल्या मोठ्या पावसात नाला काठ सोडून वाहायचा आणि सगळे उचलून न्यायचा, इतकी साधी ती गोष्ट होती. गावातल्या पोरांना ती ठाऊक होती. आम्ही पदवीधर होतो, आम्हांस ठाऊक नव्हती; कारण नाल्यापुढे काय असते ते आम्हांस कोणी सांगितलेच नव्हते, आणि आम्ही कोणाला विचारलेही नव्हते. सेवानिवृत्तीनंतर नातवाच्या शाळेचा एक प्रकल्प पाहताना, नदीवाटे समुद्रात जाणाऱ्या प्लॅस्टिकचे चित्र समोर आले आणि ती टिपणी आठवली. त्या रात्री झोप लागली नाही. आज तो कचरा कोठे असेल? काही धरणाच्या गाळात असेल. काही एखाद्या पुरात दरवाजे उघडल्यावर पुढे गेला असेल. प्लॅस्टिक कुजत नाही, त्याचे तुकडे होतात, तुकड्यांचे कण होतात, इतकेच.

मध्ये धरणे आहेत, आपली घाण समुद्रापर्यंत पोहोचत नाही, असा युक्तिवाद सभेनंतर चहाच्या वेळी एकाने केला. त्यांनी २००६चा ऑगस्ट आठवावा. वरच्या खोऱ्यात धो धो पाऊस झाला, उकाईतून प्रचंड विसर्ग करावा लागला आणि सुरत शहर पाण्याखाली गेले. पाणी जाते त्या वाटेने पाण्यावर तरंगणारे जात नाही, असे मानण्यास कोणता आधार? आणि आपल्याकडून जाते काय, ते पाहण्यासाठी गोव्याच्या माणसाची गरज नाही, एखाद्या केळीबागेच्या बांधावर उभे राहिले की पुरे. घडांवर चढवलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या काढून बांधावर टाकलेल्या, मल्चिंग पेपरच्या चिंध्या काटेरी झुडपांत अडकलेल्या, ठिबकच्या जुन्या नळ्यांची भेंडोळी नाल्यात. मध्य प्रदेशाने २०१७ साली पॉलिथिनच्या पिशव्यांवर बंदी आणली, १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या कित्येक वस्तूंवर देशभर बंदी आली; बांधावरचे हे प्लॅस्टिक त्या यादीत बसत नाही आणि त्याचे काय करावे हे शेतकऱ्याला कोणी सांगत नाही. आम्ही त्याला दोष देत नाही. टिपणी लिहिणाऱ्याने पिशवी टाकणाऱ्याला कोणत्या तोंडाने दोष द्यावा?

जे दिसत नाही, त्याची कथा आणखी निराळी. गोव्याच्या त्याच संस्थेतील डॉ. नक्वी आणि त्यांचे सहकारी यांनी २००० साली ‘नेचर’ या नियतकालिकात एक निष्कर्ष मांडला. आपल्या पश्चिम किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रात पावसाळ्याच्या उत्तरार्धात खालच्या थरातील प्राणवायू फार कमी होतो, काही ठिकाणी संपतोच. हे मुळात निसर्गक्रमाने होते, खोल समुद्रातील प्राणवायूहीन पाणी वर चढते म्हणून; परंतु ते अधिक तीव्र होत असल्याची चिन्हे त्यांना आढळली आणि जमिनीवरून वाहून येणारे नत्र हे त्याचे एक संभाव्य कारण म्हणून पुढे आले. नत्र म्हणजे काय, हे केळीवाल्याला सांगावे लागत नाही. तो युरियाच्या गोण्या मोजतो. त्यातले पिकाने घेतले किती आणि पाण्याबरोबर गेले किती, हा त्याच्या खिशाचाही प्रश्न आहे. म्हणजे शास्त्रज्ञ आणि शेतकरी या दोघांना एकाच गोणीविषयी बोलायचे आहे. मग ते एका खोलीत का बसत नाहीत?

आता दुसरी बाजू. दोष सगळा आपल्या सभासदांचाच आहे, असे म्हटले तर तो अन्याय होईल. तज्ज्ञ मंडळींनीही समुद्राला किनाऱ्यावर डांबून ठेवले आहे. काही वर्षांपूर्वी मुलीकडे गेलो असता एका किनारी शहरात अशा व्याख्यानास बसण्याचा योग आला. वातानुकूलित सभागृह, इंग्रजी भाषण, पडद्यावर एकामागून एक आलेख, त्यांवरील अक्षरे इतकी बारीक की पहिल्या रांगेतील मान्यवरही चष्मा पुसत होते. जगातील निम्मा प्राणवायू सागरी वनस्पती तयार करतात, हे वाक्य त्या दिवशी आम्ही तीन वक्त्यांकडून ऐकले. वाक्य खरे आहे; परंतु ते ऐकून कोणाला काय करता येते? मग कासवाच्या नाकात अडकलेली नळी, श्रोत्यांचे चुकचुकणे, शाल-श्रीफळ, आभार. प्रश्नांसाठी राखलेली दहा मिनिटे पाहुण्यांच्या विमानात गेली. आम्ही कागदावर एक प्रश्न लिहून आणला होता की, नदीच्या वरच्या अंगाला राहणाऱ्याने काय करावे. तो कागद अजून आमच्याजवळ आहे.

खोल समुद्राच्या संशोधनासाठी केंद्र शासनाने २०२१ साली ४,०७७ कोटी रुपयांची मोहीम मंजूर केली. योग्यच केले. ‘मत्स्य ६०००’ नावाची पाणबुडी तीन माणसांना सहा हजार मीटर खोल नेणार आहे, नेवो. परंतु तो पैसा केवळ किनाऱ्यावरच्या लोकांनी भरलेला नाही. डोईफोडियात विकल्या जाणाऱ्या काडेपेटीवरही कर आहे. सहा हजार मीटर खाली उतरण्याची ज्यांची तयारी आहे, त्यांना सातपुड्याच्या पायथ्याशी चढून येणे का जड जावे?

आणि असे बोलणे जमते, याचा पुरावा आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यात वेळास नावाचे खेडे आहे. नाना फडणविसांचे मूळ गाव म्हणून ते आपल्या वाचकांस माहीत असेल. तेथे ऑलिव्ह रिडले जातीची कासवे वाळूत अंडी घालतात. ती अंडी काढली जात, खाल्ली जात, विकली जात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२च्या सुमारास तेथे काम सुरू केले. गावकऱ्यांशी त्यांच्याच भाषेत बोलून, त्यांतल्याच माणसांना राखणीस घेऊन. २००६ पासून तेथे कासव महोत्सव होऊ लागला, पिल्ले समुद्रात जाताना पाहण्यास लोक येऊ लागले, घरोघरी पाहुण्यांची सोय होऊ लागली. याच्या उलट मालवण. १९८७ साली तेथे सागरी अभयारण्य घोषित झाले, हेतू उत्तमच होता. परंतु घोषणा आधी आणि समजावणे नंतर, असा सरकारी क्रम झाला आणि स्थानिक मच्छीमारांचा विरोध वर्षानुवर्षे धुमसत राहिला. त्या क्रमाचे आम्ही आयुष्यभर पाईक होतो, म्हणून सांगतो: राजपत्रातील सूचनेने मासा वाचत नाही.

त्या कासवांचे पुढे काय झाले, तेही ऐकण्यासारखे आहे. २०२३ साली गुहागरच्या किनाऱ्यावर ‘बागेश्री’ नावाच्या कासवाच्या पाठीवर उपग्रहाशी जोडलेले यंत्र बसवून तिला सोडण्यात आले. ती किनाऱ्याकिनाऱ्याने दक्षिणेस गेली आणि श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोहोचली. ही गोष्ट आमच्या नातीला आम्ही रात्री सांगितली, तेव्हा तिने विचारले, ‘आजोबा, ती तापीच्या तोंडावरून गेली का?’ आम्ही नकाशा काढला. गुहागर तापीच्या मुखाच्या दक्षिणेस, आणि कासव गेले आणखी दक्षिणेकडे. नाही गेली. मुलीचा चेहरा पडला. नऊ वर्षांच्या मुलीला जी नदी आणि जो समुद्र एका नकाशावर दिसला, तो आपल्या कार्यकारिणीला दिसत नाही.

शेवटचा आक्षेप, आणि तो सभेत अध्यक्षस्थानावरून आला, म्हणून त्याचा मान राखून उत्तर देतो. हे साहित्य मंडळ आहे, विज्ञान मंडळ नव्हे, असे म्हटले गेले. न्यायमूर्ती रानड्यांच्या प्रेरणेने पुण्यात १८७५ साली सुरू झालेली वसंत व्याख्यानमाला कोणत्या एका विषयाची होती? अर्थकारण, समाजकारण, इतिहास, विज्ञान, सारे तिच्या मांडवात आले. मराठी माणसाने व्याख्यान ही गोष्ट पोथी आणि पाठशाळा यांच्या मधली म्हणून घडवली. शिवाय समुद्राची मराठी भाषा आपल्या घरातून नाहीशी होते आहे, हा तर शुद्ध साहित्याचा प्रश्न आहे. उधाण, भांग, खाजण, तिवर, कांदळवन, पुळण, वाव, तांडेल हे शब्द आपल्या पणज्यांच्या तोंडी होते. आज आपल्या घरात ‘उधाण’ केवळ उत्साहाला येते आणि ‘भांग’ म्हटले की महाशिवरात्र आठवते. भांगाची भरती म्हणजे अष्टमी-नवमीच्या सुमाराची मंद भरती, हे किती जणांस ठाऊक आहे? या प्रदेशात हिंदीच्या शेजाराने आपले किती शब्द झिजले, याची खंत याच पत्रिकेत आपण दर तिमाहीस छापतो. सागराचा जाणकार मराठीत बोलला, तर तो हे शब्द घेऊनच येईल. इंग्रजीत बोलणार असेल, तर त्याला बोलावू नये, या मतावर आम्ही ठाम आहोत.

ठरावाचा मसुदा आम्ही सुधारला आहे. व्याख्यान आषाढातील तापी सप्तमीस, डोईफोडियातच. सत्कार, दीपप्रज्वलन आणि परिचय मिळून पाच मिनिटे. भाषण पाऊण तासाचे, प्रश्न सव्वा तास. पहिल्या दोन रांगा केळीच्या आणि कपाशीच्या शेतकऱ्यांसाठी राखीव, मान्यवर मागे. सकाळी वक्त्यास नाल्याच्या काठाने आणि दोन बागांतून फिरवून आणावे, म्हणजे त्यास बोलण्यास विषय येथेच मिळेल. कोरकू बांधवांसाठी त्यांच्या भाषेत सांगणारा एक जण शेजारी बसवावा. भाषणाचा मजकूर पुढील अंकात छापावा, द्वारकेच्या व्याख्यानाला देणार आहात तेवढीच पाने द्यावीत.

प्रवासखर्चाची सबब पुढे येईल, हे आम्ही जाणून आहोत. म्हणून या महिन्याच्या निवृत्तिवेतनातून गोवा ते बऱ्हाणपूर आणि परतीचे रेल्वेचे भाडे आम्ही खजिनदारांकडे जमा केले आहे. पावती अद्याप मिळालेली नाही.